नागपूर, दोघं, तीन दिवस, दहा हजार : बसेल का?

मुळामुठा | ९ नोव्हेंबर २०२५, २१:४०
पुण्याचं एक जोडपं, दोघंही पंचविशीतले, १२ ते १४ डिसेंबर (शुक्र-शनि-रवि) नागपूर बघायला निघालंय. गाडीभाडं सोडून दहा हजार. स्वतःचं वाहन नाही. मॉल नकोत. खाणं, जुनं शहर, थोडी झाडी किंवा पाणी आणि शहराबाहेरचं एखादं ठिकाण हवंय. एक मांसाहारी, एक शाकाहारी. उतरायचं कुठे? बाहेर कुठे जायचं? आणि वाघ बघायचा हट्ट एवढ्या पैशांत पुरतो का? 'गूगल कर' असं कोणी लिहू नये. ते करून झालंय, म्हणूनच इथे आलोय.

झिरोमैल | ९ नोव्हेंबर, २२:०५
सगळ्यात आधी तारीख बदला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इथे हिवाळी अधिवेशन असतं. आमदारांचे पीए, बंदोबस्ताला आलेले पोलीस, पत्रकार, मोर्चेकरी, सगळे स्टेशन ते सिव्हिल लाइन्स याच पट्ट्यात उतरतात. एरवी बाराशेला मिळणारी खोली दोन हजारांना मागतात आणि तीही फोन करून मिळत नाही. मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले की बर्डीतून (म्हणजे सीताबर्डी) सदरला जाणारा ऑटो कुठून कुठे वळसा घेईल सांगता येत नाही. झिरो माइलचा दगड, अजबबंगला (मध्यवर्ती संग्रहालय), महाराजबाग, कस्तुरचंद पार्क हे सगळं एरवी पायी होतं, आणि नेमका तोच भाग त्या दिवसांत बॅरिकेडच्या आत जातो.

वऱ्हाडी ठेचा | ९ नोव्हेंबर, २२:११
काहून घाबरवून राहिले भाऊ त्यायले? मोर्चे फुकट पाहाले भेटतात, बजेटमध्ये बसते.

बर्डीवाली | ९ नोव्हेंबर, २२:३०
झिरोमैल यांच्याशी सहमत. जानेवारीत २४ ते २६ असं यावं, शनि-रवि-सोम. कारण सीताबर्डीचा किल्ला. तो सैन्याच्या ताब्यात आहे, एरवी आत सोडत नाहीत. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली ती याच दोन टेकड्यांवर. वरून अख्खं शहर दिसतं आणि तिकीट नाही. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, पाठीवर मोठी सॅक नको, सकाळीच पोचा. दुपारी शाळांची झेंडावंदनं आटोपून घरचेघर लोक येतात, मग रांग टेकडी उतरून रस्त्यावर येते.

हिशेबनीस | ९ नोव्हेंबर, २२:५२
सुचवलंय छान, पण त्यातला सोमवार बघितला का? अजबबंगला (१८६३ चं), महाराजबाग, गोरेवाडा आणि मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. यातलं जे काही बघायचं ते शनिवार-रविवारी उरकावं लागेल. सोमवारी किल्ला, दीक्षाभूमी, तलाव. हा क्रम उलटा केला की सोमवारी दुपारी दोघं कुलपांचे फोटो काढत बसतील.

शिवाय जोडून सुट्टी म्हणजे गाड्या भरणार.

रेल्वेरूळ | ९ नोव्हेंबर, २३:२०
आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० होते). शुक्रवार २३ जानेवारीला रात्री पुण्याहून निघायचं तर खिडकी २४ नोव्हेंबरला सकाळी आठला उघडेल. परतीची २६ ची गाडी २७ नोव्हेंबरला. जायचं तिकीट काढून परतीचं 'बघू नंतर' म्हणू नये, लाँग वीकेंडला परतीचीच गाडी आधी भरते. खासगी बसचे दर त्या रविवार-सोमवारी दुपटीला जातात, त्यामुळे ट्रेन हुकली तर इथे वाचवलेलं सगळं तिथे जाईल.

अजनी-पुणे वंदे भारत दिवसाची आहे. तिच्यात बसलं की एक आख्खा दिवस खुर्चीत जातो आणि एक रात्र लॉजची वाढते. रात्रीचा स्लीपर किंवा गरीबरथच घ्या.

उतरल्यावरचा मुद्दा: नागपूर स्टेशनला दोन बाजू आहेत. सवयीने सगळे पश्चिमेच्या मुख्य दाराने बाहेर येतात आणि ऑटोवाल्यांच्या हाती सापडतात. मेट्रो पूर्वेला, संत्रा मार्केटच्या बाजूला आहे. पादचारी पुलावरून पूर्वेला उतरा. बर्डीचं जंक्शन दोन थांब्यांवर, मध्ये फक्त कॉटन मार्केट. गाडी अजनीपर्यंतच असेल तर अजनी चौक मेट्रो, ती वर्धा रोडवर आहे.

मुळामुठा | १० नोव्हेंबर, ०८:१५
तारीख बदलली. २४ ते २६ जानेवारी. सोमवारी रात्रीची परतीची गाडी. म्हणजे दोन रात्री मुक्काम. आता उतरायचं कुठे?

धंतोलीचा पिंपळ | १० नोव्हेंबर, ०९:४०
तीन पट्टे आहेत. सेंट्रल अव्हेन्यूवर (सीए रोड) सगळ्यात स्वस्त, पण हा रस्ता रात्रभर ट्रकच्या हॉर्नने जागा असतो. खोली मागच्या बाजूची मागा. वर्धा रोड या बजेटचा नाही. मधला पट्टा धंतोली-रामदासपेठ. इथे दवाखाने खच्चून आहेत, त्यामुळे पेशंटच्या नातेवाइकांसाठीची लॉजेस आहेत. बाराशे ते अठराशेत स्वच्छ खोली मिळते, चादरी रोज बदलतात, रात्री अकराला कोणी दरवाजा वाजवत नाही, खाली भोजनालय आणि औषधाचं दुकान असतं. बर्डी आणि काँग्रेसनगर ही दोन्ही मेट्रो स्टेशनं पायी टप्प्यात.

फोनवर पाच गोष्टी विचारा. चेक-आउट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा. गिझर खोलीत आहे की सकाळी दोन तास कॉमन गरम पाणी (जानेवारीत पारा कधीकधी दहाच्या खाली जातो, हा प्रश्न चैनीचा नाही). खिडकी रस्त्यावर उघडते की डक्टमध्ये. सांगितलेल्या दरात जीएसटी धरलाय का. आणि शेवटचं, जोडप्याला खोली देता ना.

चोवीस तासांचा चेक-आउट असेल तर गाडीच्या वेळेनुसार फायदा होतो: शनिवारी सकाळी आठला घेतलेली खोली सोमवारी सकाळी आठपर्यंत, दोनच दिवसांचे पैसे. बाराचा नियम असेल तर शनिवारी सकाळच्या 'अर्ली चेक-इन'चे वेगळे मागतात.

बर्डीवाली | १० नोव्हेंबर, १०:०२
रामदासपेठेला माझा विरोध नाही, पण सकाळी डोळे उघडल्या उघडल्या ॲम्ब्युलन्स ऐकायला सुट्टी काढून यायचं का? बर्डीतच मोदी नावाच्या गल्ल्यांच्या मागे लॉजेस आहेत. खाली उतरलं की बाजार, समोर मेट्रोचं जंक्शन. खोल्या लहान, लिफ्ट क्वचित. तरुण आहेत, तीन जिने चढतील.

धंतोलीचा पिंपळ | १० नोव्हेंबर, १०:२०
चढतील हो. पण बर्डी मेन रोडवर शनिवार-रविवारी संध्याकाळी ऑटो आत येत नाही. सामान घेऊन फेरीवाल्यांतून वाट काढायची तयारी ठेवा. बर्डीत घ्यायचीच तर झाशी राणी चौकाच्या बाजूची गल्ली बघा.

शेवाळकर गल्ली | १० नोव्हेंबर, ११:३१
जोडप्याला खोलीचा प्रश्न कोणी नीट बोलत नाही म्हणून लिहिते. दोन सज्ञान व्यक्तींना, लग्न झालेलं असो वा नसो, खोली देऊ नये असा कायदा नाही. पण लॉजवाल्याला प्रवेश नाकारायला कारण लागतं ते दोन ठिकाणी मिळतं: ओळखपत्रावर नागपूरचा पत्ता असेल तर, किंवा दोघांपैकी एकाचंच ओळखपत्र असेल तर. पुण्याचा पत्ता आणि दोघांची मूळ ओळखपत्रं असली की बहुतेक ठिकाणी अडत नाही. ॲपवर बुक करताना 'कपल फ्रेंडली' आणि 'लोकल आयडी' या दोन ओळी वाचा, पैसे भरण्याआधी लॉजवर फोन लावून नाव आणि तारीख वदवून घ्या. ॲपने खोली दिली आणि काउंटरने नाकारली की परतावा आठवडाभराने येतो, रात्र मात्र त्याच दिवशी काढायची असते. आधारची झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर लॉजचं नाव आणि तारीख लिहून द्या.

वऱ्हाडी ठेचा | १० नोव्हेंबर, ११:४५
आणि रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' असा रकाना असते. तिथं 'सावजी' लिहा, कोनी काही इचारत नाही.

तर्रीबाज | १० नोव्हेंबर, १३:१०
खाण्याकडे येऊ का आता?

सकाळ: तर्री पोहे. साडेसात ते साडेनऊ ही वेळ. पोहे कोरडेच असतात, वरून चण्याची तर्री, कच्चा कांदा, थोडा चिवडा, लिंबू. दहानंतर ठेल्यावर पोहे वाफेवर धरून मऊ होतात आणि तर्रीत चणे कमी, तेलच जास्त उरतं. तर्री पुन्हा मागितली तर बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे नाहीत, पण पहिल्यांदाच 'ज्यादा' म्हणून पोह्यांचा लगदा करू नका. कस्तुरचंद पार्काच्या भागातले ठेले प्रसिद्ध आहेत, पण रामदासपेठेत उतरलात तर एवढ्यासाठी तिकडे जायची गरज नाही, दर दुसऱ्या चौकात ठेला आहे. गर्दी रिक्षावाल्यांची आहे की फोटोवाल्यांची, एवढं बघा. दोघांचा नाश्ता चहासकट शंभराच्या आत.

सावजी: मुळात हलबा-कोष्टी विणकरांचं जेवण. तिखट लाल रंगात नसतं, काळ्या वाटणात असतं: खसखस, धणे, मिरे, लवंग, दगडफूल, भाजलेलं खोबरं. म्हणून 'कम तिखा बनाओ' म्हणून उपयोग नाही, रस्सा सकाळीच शिजलेला असतो. करायचं काय? हाफ प्लेट मटण, वरची तर्री चमच्याने बाजूला काढायची, सोबत भाकरी किंवा रोटी (भातावर रस्सा ओतला की जास्त लागतो), कांदा-लिंबू भरपूर. थंड पाण्याने तिखट पसरतं, ताक मिळालं तर घ्या. महाल, गोळीबार चौक, पाचपावली, नंदनवन या भागांतली जुनी भोजनालयं बघा. बोर्डावर 'सावजी' लिहिलेलं वर्धा रोडवरचं एसी हॉटेल वेगळं प्रकरण आहे, दीडपट बिल आणि रश्श्यात काजूची पेस्ट.

शाकाहारी माणसाने घाबरू नये. पाटोडी रस्सा आणि डाळकांदा त्याच वाटणातला असतो. भांडी, डाव वेगळे हवे असतील तर आधी विचारा, एकाच पळीने वाढणारे आहेत.

हिशेबनीस | १० नोव्हेंबर, १३:२५
आणि सावजी शनिवारी खा. सोमवारी रात्री रेल्वेत चढायचंय, डब्यात दोनच संडास चालू असतात.

तर्रीबाज | १० नोव्हेंबर, १३:२७
@हिशेबनीस, एवढा उपयोगी प्रतिसाद या धाग्यावर दुसरा येणार नाही.

उमरेडकर | १० नोव्हेंबर, १४:५०
लंबी रोटी राहिली! उलट्या मडक्यावर भाजतात ती. पुरणपोळीच्या मांड्याची सख्खी बहीण. सावजी भोजनालयात सगळीकडे नसते, विचारून जा. आणि थंडीत सांबारवडी (पुडाची वडी) गरम तळलेली घ्या, काचेच्या कपाटातली नको. गार झाली की आतली कोथिंबीर पाणी सोडते आणि आवरण चामट होतं.

कापूरबावडी | १० नोव्हेंबर, १८:०५
शहराबाहेर जायचं तर रामटेक, दुसरा विचार नको. साधारण पन्नास किलोमीटर. गणेशपेठ बसस्टँडवरून एसटी. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे (मार्च २०२३ पासून), त्यामुळे दोघांचं मिळून एका बाजूचं दीडशेच्या आसपास. इतवारीहून पॅसेंजरही आहे, त्याहून स्वस्त, पण दिवसाला मोजक्या फेऱ्या, परतीची वेळ पाहूनच चढा.

बसस्टँडवर उतरलं की ऑटोवाला 'पूरा रामटेक' म्हणून एकच आकडा सांगेल. त्यात गडमंदिर, कालिदास स्मारक, खिंडसी असतं आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. तसं करू नका. फक्त वर गडापर्यंतचा ऑटो करा, त्याला सोडून द्या. वर आधी केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह बघा. वाकाटक काळातली, पाचव्या शतकातली देवळं आहेत, भाविक घाईघाईत पुढे जातात म्हणून शांत असतात. वराहाची मूर्ती जवळच आहे. मग राममंदिर, मग तटावरून खालचा देखावा. 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच असं मानतात, त्यामुळे कालिदास स्मारक. उतरताना पायऱ्यांनी अंबाळा तलावाकडे. उतार आहे, ऑटोचे पैसे वाचतात, तलावाकाठची देवळं आपोआप होतात.

माकडं: प्रसादाची पिशवी हातात दिसली की नेतात. चष्मा, पाण्याची बाटलीसुद्धा. सगळं सॅकमध्ये, चेन लावून.

सूतकताई | १० नोव्हेंबर, १९:३०
रामटेक चांगलंच आहे, पण जोडून सुट्टीच्या रविवारी गडावर गाड्यांची रांग घाटात अडकते. सेवाग्राम बघा. नागपूर-सेवाग्राम पाऊणशे किलोमीटर, मुंबई मार्गावरच्या गाड्या थांबतात, सव्वा तास. साधं तिकीट माणशी पन्नास-साठ रुपये. स्टेशनहून आश्रम सात-आठ किलोमीटर, ऑटो. १९३६ साली गांधीजी इथे आले. आदिनिवास, बापूकुटी, बा-कुटी हे सगळं माती, बांबू, कवेलू (कौलं). तास-दीड तास निवांत लागतो. तिथून पवनार, धाम नदीच्या काठावरचा विनोबांचा आश्रम. ऑटो दोन्ही ठिकाणं मिळून ठरवा आणि थांबण्याचा वेळ आधीच बोलून घ्या, पवनारला परतीचं वाहन सहज मिळत नाही. संध्याकाळची प्रार्थना गाठायची असेल तर परतीची गाडी साडेसातनंतरची बघा.

वऱ्हाडी ठेचा | १० नोव्हेंबर, १९:४२
नव्या नवरा-नवरीले सेवाग्राम? सूतकताई, तुम्ही नाव सार्थ केलं. वरून अख्खा वर्धा जिल्हा ड्राय.

सूतकताई | १० नोव्हेंबर, २०:०१
ठेचाभाऊ, २६ जानेवारीला अख्खा महाराष्ट्र ड्राय आहे. तुमचा युक्तिवाद एका दिवसापुरताच उरतो.

कापूरबावडी | १० नोव्हेंबर, २०:१५
घाटातल्या रांगेचं म्हणणं खरं आहे, पण ती अकरानंतर. सकाळी सहा-साडेसहाची बस धरली तर आठला वर असाल आणि गर्दी चढताना तुम्ही अंबाळ्याला उतरत असाल. जानेवारीत त्या वेळी धुकं असतं, स्वेटर हवा. दुपारी दोनला नागपुरात परत.

गोंडवन | ११ नोव्हेंबर, ०७:२०
वाघाचा हिशोब कोणी मांडला नाही म्हणून. पेंच (सिल्लारी, खुर्सापार ही जवळची दारं) किंवा उमरेड-कऱ्हांडला. सफारीचे पैसे माणशी नसून गाडीचे असतात. सहा जणांत वाटले की परवडतं, दोघांत नाही. प्रवेश, जिप्सी, गाइड धरा, त्यावर पहाटे दारावर पोचायला टॅक्सी, कारण सकाळच्या सफारीला पोचवेल अशी एसटी नाही. अख्खे दहा हजार तिथेच संपतात आणि वाघ दिसण्याची हमी नाही. वर लाँग वीकेंडचं बुकिंग आधीच गेलेलं असतं. 'गेटवर जाऊन बघू, शेअरिंग मिळेल' यावर विसंबून पहाटेची टॅक्सी करू नये.

पर्याय गोरेवाडा. काटोल रोडवर, शहराच्या कडेला. २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. बंदिस्त मोठे वाडे आहेत: वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी. बंद बसमधून फिरवतात. दोघांचे चारशे ते आठशे, वार कुठला आणि बस एसी की साधी यावर. तिकीट ऑनलाइन काढा. मेट्रो तिथे जात नाही. जाताना ऑटो मिळतो, परतताना फाटकाबाहेर मिळत नाही, तेव्हा ॲपवरची रिक्षा आतूनच बोलवा, यायला वेळ लागतो. जंगल म्हणून जाल तर हिरमोड होईल. प्राणी नीट दिसतात एवढं मात्र खरं.

बर्डीवाली | ११ नोव्हेंबर, ०९:०५
झाडीच हवी तर त्या पैशांत अंबाझरी जैवविविधता उद्यान. सकाळी जा, भाड्याने सायकली मिळतात, तलावाच्या मागच्या गवताळ भागात पक्षी चांगले दिसतात. नाहीतर सेमिनरी हिल्स, जपानी बाग. फुटाळ्याला सूर्यास्तासाठी जा, पण कारंज्यांच्या शोच्या भरवशावर संध्याकाळ बांधून ठेवू नका, कणीस खा आणि परत या. फुटाळ्यावर रविवार संध्याकाळ नकोच, पार्किंगची भांडणं बघायला मिळतात.

झिरोमैल | ११ नोव्हेंबर, १०:३०
सगळे खाण्यात आणि वाघात अडकले. शहर म्हणून काय बघायचं ते राहिलं.

सिव्हिल लाइन्स पायी करा: झिरो माइल मेट्रो स्टेशनला उतरा, बाहेरच दगड आणि चार घोडे. हा खांब ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, १९०७ चा. तिथून विधानभवन बाहेरून, पुढे अजबबंगला. अजबबंगल्यात भरलेल्या प्राण्यांच्या दालनात वेळ घालवू नका, शिलालेख, मूर्ती आणि गोंडांचं दालन आधी. दोन तास.

जुनं शहर वेगळ्या वेळी: चितारओळी चौक मेट्रोला उतरून चितारओळीतली मूर्तिकारांची घरं, तिथून महाल, बडकस चौक, गांधी गेट (जुना जुम्मा दरवाजा), शुक्रवारी तलाव म्हणजे गांधीसागर. समोर रमण विज्ञान केंद्र, तारांगणाचं तिकीट आणि वेळा वेगळ्या आहेत, आधी ते विचारा. महालातच सावजी, म्हणजे शनिवारची संध्याकाळ इथेच संपवा.

दीक्षाभूमी सोमवारी सकाळी. राहाटे कॉलनी मेट्रोवरून ऑटोने पाच-सात मिनिटं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. स्तूप आतून पोकळ आहे, तो आत जाऊन बघायचा असतो, बाहेरून फोटो काढून निघणारे बरेच. आत शांतता पाळा. बाहेरच्या पुस्तकांच्या दुकानांत स्वस्तात चांगली पुस्तकं मिळतात, सॅकमध्ये जागा ठेवा.

मुळामुठा | ११ नोव्हेंबर, १३:४०
शहरातल्या शहरात फिरायला मेट्रोचा पास घ्यावा का? की दुचाकी भाड्याने?

हिशेबनीस | ११ नोव्हेंबर, १४:०५
दोन्ही नको. मेट्रोचं तिकीट दोघांचं मिळून एका वेळी वीस ते पन्नास-साठ पडतं, मोबाइलवरचं क्यूआर पुरतं. शेवटची गाडी रात्री दहाच्या सुमारास, सावजीत रेंगाळलात तर ऑटो. ऑटो मीटरने जात नाहीत, बसण्याआधी ठरवा, आणि 'दोघांचे की माणशी' हे तोंडाने वदवून घ्या. भांडणं रकमेवरून कमी आणि या एका प्रश्नावरून जास्त होतात. दुचाकीला अनामत रक्कम, मूळ परवाना ठेवून घेणं, वर हेल्मेटचा दंड. नागपुरात पोलीस हेल्मेटला सोडत नाहीत, मागच्यालाही.

आता आकडे, दोघांचे:
खोली, दोन रात्री, पंधराशेप्रमाणे, ५ टक्के जीएसटी धरून ३,१५०.
खाणं तीन दिवस, रोज नऊशे, त्यात एक सावजी: २,७००.
मेट्रो आणि ऑटो: १,२००.
रामटेक, बस-ऑटो-चहा: ७००.
गोरेवाडा ८०० आणि तिथला ऑटो ४००.
अजबबंगला, तारांगण, किरकोळ: ४००.
बेरीज ९,३५०. साडेसहाशे उरतात. म्हणजे रामटेक आणि गोरेवाडा दोन्ही पैशांत बसतात. वेळेत बसत नाहीत. रविवारी रामटेकहून दोनला परतून गोरेवाड्याला गेलं तर शेवटची बस चुकण्याची भीती, आणि शनिवारी गोरेवाडा घेतला तर महाल रात्री अंधारात.

धंतोलीचा पिंपळ | ११ नोव्हेंबर, १४:४०
गोरेवाडा काढा. बाराशे वाचले. ते खोलीत घाला, दोन हजारांत रामदासपेठेत खिडकीची खोली येते.

गोंडवन | ११ नोव्हेंबर, १४:५५
सहमत. वाघाचा हट्ट पावसाळ्यानंतर सहा जणांची टोळी जमवून पुरवा. (१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद असतं, तेव्हा ऑक्टोबरच्या पुढे.)

शेवाळकर गल्ली | ११ नोव्हेंबर, १५:२०
सोमवारी सामानाचं काय? खोली सकाळी सोडली तर रात्रीच्या गाडीपर्यंत सॅक घेऊन किल्ल्यात सोडणार नाहीत.

रेल्वेरूळ | ११ नोव्हेंबर, १५:३२
लॉजवाल्याकडे ठेवा, बहुतेक ठेवून घेतात. नाहीतर स्टेशनवर क्लोक रूम. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. चेनला लावायचं छोटं कुलूप पुण्याहूनच आणा, स्टेशनबाहेर तेच दुप्पट दराने.

मुळामुठा | ११ नोव्हेंबर, २१:१०
मग असं ठरतंय. शनिवार: खोलीवर सामान, तर्री पोहे, सिव्हिल लाइन्स आणि अजबबंगला, दुपारी विश्रांती, चारनंतर चितारओळी ते महाल, रात्री सावजी. रविवार: पहाटे रामटेक, दुपारी झोप, संध्याकाळी बर्डी किंवा धरमपेठ. सोमवार: सकाळी किल्ला, मग दीक्षाभूमी, दुपारनंतर अंबाझरीचा काठ, रात्री गाडी. सेवाग्राम आणि वाघ पुढच्या खेपेला. शेवटचा प्रश्न: संत्री घरी न्यायची आहेत, पाच किलो. कुठून, कशी?

अंबियाबहार | ११ नोव्हेंबर, २२:०५
२४ जानेवारी म्हणजे अंबिया बहार (बहार म्हणजे संत्र्याचं त्या हंगामाचं पीक) सरत आलेला आणि मृग बहाराची खरी आवक फेब्रुवारी-मार्चला. या मधल्या दिवसांत ठेल्यावर किन्नू (संत्र्यासारखंच दिसणारं दुसरं फळ) मिसळलेला असतो. ओळखायचं असं: नागपुरी संत्र्याची साल सैल, बोटाने दाबली की आत पोकळी जाणवते आणि देठाजवळ थोडा उंचवटा असतो. किन्नूची साल घट्ट, चकचकीत, रंग जास्त लाल, आत बिया भरपूर. साल थोडी हिरवट असली म्हणून आंबट असेल असं नाही, हातात जड लागतंय का ते बघा. सालीला हात लावून मेण लागलं तर नको.

पाच किलोसाठी कळमन्याच्या घाऊक बाजारात जाऊ नका, तिथे क्रेटखाली कोणी बोलत नाही. सोमवारी संध्याकाळी स्टेशनच्या संत्रा मार्केटच्या बाजूला घ्या, गाडीही तिकडूनच गाठता येते. एक फोडून चाखल्याशिवाय घेऊ नका, आणि चाखलेल्या ढिगातलीच तोलायला लावा, मागच्या टोपलीतली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. रात्रभरात घाम येतो आणि सालीवर बुरशी धरते. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला वर्तमानपत्र, दोनच थर. बर्थखाली ठेवा पण भिंतीकडे, पायाकडे नको.

वऱ्हाडी ठेचा | ११ नोव्हेंबर, २२:१८
आणि संत्रा बर्फी घेसान तर घरी जाईपर्यंत डब्बा उघडू नका. मनमाडपर्यंत पुरत नाही ते.

मुळामुठा | ११ नोव्हेंबर, २२:३०
२४ नोव्हेंबरला सकाळी पावणेआठला लॅपटॉप उघडून बसतो. जागा मिळाली की इथे कळवतो. तोपर्यंत रामदासपेठेतल्या लॉजवाल्यांना फोन सुरू.